तिसरी-चौथीच्या वर्गात खरं संशोधन कसं करून घ्यायचं: ओल्या रुमालाचा प्रयोग, टप्प्याटप्प्याने

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला प्राथमिक शाळांत जे मांडलं जातं, त्यातलं बरंचसं पालकांनी रात्री बसून केलेलं असतं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी फसफसतो, मुलं टाळ्या वाजवतात. पण त्यात मुलांनी काही शोधलेलं नसतं, कारण काय होणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. ते प्रात्यक्षिक झालं. संशोधनात उत्तर आधी कुणालाच माहीत नसतं, मुलं स्वतः मोजतात आणि आकडा जे सांगेल ते मान्य करतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे जमतं. बिघडतं ते बहुधा मोठ्यांच्या घाईमुळे.

या लेखात एकच प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतला आहे: पावसाळ्यात ओला रुमाल कसा आणि कुठे लवकर वाळतो? ठाणे-नवी मुंबईतल्या प्रत्येक घरात जुलै-ऑगस्टमध्ये हा प्रश्न रोज पडतो. गणवेश रात्रभर पंख्याखाली टांगलेला असतो, गॅलरीतले कपडे पावसाच्या सरीबरोबर आत-बाहेर होतात, मोज्यांना कुबट वास येतो. मुलांना याबद्दल बोलायला शिकवावं लागत नाही, आणि वाळणं वजनकाट्यावर मोजता येतं. चाळीस मुलांचा वर्ग, सहा गट आणि आठवड्याभरात मिळून पाच-सहा तासिका धरून पुढचं नियोजन दिलं आहे.

## तयारी: प्रयोगाच्या आठवडाभर आधी

वजनकाटे. स्वयंपाकघरात वापरतात तसे दोन डिजिटल काटे, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारे. चाळीस मुलांना एक काटा पुरत नाही. चोवीस रुमाल एकाच काट्यावर घेतले तर अर्ध्या तासातली बारा-पंधरा मिनिटं रांगेतच जातात आणि शेवटच्या गटाची वेळ चुकते. जादा सेल जवळ ठेवा.

रुमाल. जुने, पण एकसारखे तीन टर्किश टॉवेल घ्या. ७५ × १५० सेंटिमीटरच्या टॉवेलमधून ३० × ३० सेंटिमीटरचे दहा तुकडे निघतात. एका टॉवेलचे आठ तुकडे दोन गटांना द्या आणि दोन शिल्लक ठेवा. एका गटाचे चारही तुकडे एकाच टॉवेलचे हवेत. कडेने मशीनची एक शिवण मारून घ्या, नाहीतर धागे गळतात आणि वजन पाण्याशिवायच कमी होत जातं. टॉवेल नवे असतील तर आधी दोन-तीनदा धुवा. नव्या कापडाला खळ असते, पाणी वरच्यावर थेंबांनी राहतं आणि खाली गळतं. कोपऱ्यात मार्करने क्रमांक घाला: १अ, १आ, १इ, १ई, पुढच्या गटाला २अ असं.

टर्किशच का? असा तुकडा साधारण ३०-४० ग्रॅमचा असतो आणि ४० मिली पाणी न गळता धरतो. ओलं वजन शंभराच्या आत राहतं, म्हणजे तिसरीच्या मुलांना दोन अंकी वजाबाकीवर भागवता येतं. साध्या हातरुमालात १५-२० मिलीपेक्षा जास्त पाणी घातलं तर ते गळू लागतं, आणि १ ग्रॅमच्या काट्यावर फरक नीट दिसत नाही.

पाणी मोजायला सुई नसलेली १० मिलीची सिरिंज प्रत्येक गटाला एक. चार वेळा भरायची. मुलं मोजताना हमखास चुकतात, म्हणून समोर चार खडे ठेवायचे आणि दरवेळी एक बाजूला सरकवायचा.

दोरी नायलॉनची घ्या. सुतळी नको, ती रुमालातलं पाणी ओढून घेते. चिमटे प्लॅस्टिकचे. दोरी मुलांच्या खांद्याच्या उंचीवर बांधा, बाकावर चढून रुमाल टांगायची वेळ येता कामा नये. शिवाय प्रत्येक काट्याला एक स्टीलचं ताट, मिनिटकाटा असलेलं घड्याळ, चौकटीच्या वह्या आणि झिप असलेली एक पारदर्शक पिशवी.

> सावधान: ओल्या हातांनी पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा आणि बटण मोठ्यांच्याच ताब्यात ठेवा. फरशीवर सांडलेलं पाणी लगेच पुसायला एक फडकं काट्याजवळच असू द्या.

## टप्पा १: प्रश्न मुलांकडून काढणे (एक तासिका)

«तुमच्या घरी पावसात कपडे कुठे वाळत घालतात?» एवढंच विचारा आणि मुलं बोलतील ते फळ्यावर जसंच्या तसं लिहा. बाथरूममध्ये, फ्रिजच्या मागे, जिन्यात, पंख्याखाली खुर्चीवर, आजी इस्त्री करून वाळवते. पंधरा मिनिटं फक्त लिहा. कोणतंही उत्तर सुधारू नका.

मग म्हणा, यातलं खरंच काय लवकर वाळतं ते आपण शाळेत मोजू शकतो का? इथे प्रश्न गाळायचे. चाळण्या तीन:

१. उत्तर काट्याने किंवा घड्याळाने मोजता येतं का?
२. शाळेच्या एका सकाळीत होतं का?
३. दोन रुमालांत एकच गोष्ट वेगळी ठेवता येते का?

मुलांचा पहिला प्रश्न बहुतेक «का» असा येतो: पावसाळ्यात कपडे का वाळत नाहीत? तो सोडू नका, वेगळ्या कागदावर जपून ठेवा. पण मोजायला तो वापरता येत नाही. त्याचं «किती», «कुठे» किंवा «कोणता» करायला मुलांना मदत करा. जमणारे प्रश्न असे असतात:

- पंखा चालू असताना आणि बंद असताना एका तासात किती पाणी उडतं?
- पूर्ण उलगडलेला रुमाल आणि दोरीवर दुमडून टाकलेला रुमाल, कोणातून जास्त?
- एकमेकांना चिकटून टांगलेले रुमाल आणि वीतभर अंतराने टांगलेले?
- खिडकीजवळ आणि भिंतीच्या कोपऱ्यात?
- पाणी दुप्पट घातलं तर वाळायला वेळही दुप्पट लागतो का?
- टर्किश तुकडा आणि पंचाचा तुकडा, दोन्हींत १५ मिली पाणी घालून?

शेवटच्या प्रश्नासाठी पंचाचे तुकडे वेगळे कापून ठेवावे लागतील. त्या गटात कापडच वेगळं असल्यामुळे एकाच टॉवेलचा नियम सुटतो, पण पाणी मात्र दोघांत सारखंच हवं.

> नेहमीची चूक: वेळ वाचवायला शिक्षक प्रश्न वाटून देतात. मग मुलं काम आज्ञाधारकपणे करतात, पण आकडा विचित्र आला तर «बाई, बरोबर कोणतं ते सांगा ना» म्हणून विचारायला येतात. प्रश्न गटाने निवडलेला असेल तर तीच मुलं पुन्हा मोजायला धावतात.

## टप्पा २: अंदाज लिहून बंद करणे (पंधरा मिनिटं)

प्रत्येक मूल स्वतःच्या वहीत एक वाक्य लिहील: «मला वाटतं ... कारण ...». गटाचा नव्हे, प्रत्येकाचा. गटाचा अंदाज लिहिला की मोठ्याने बोलणाऱ्या एकाचाच अंदाज सगळ्यांचा होतो. वही मिटायची आणि निकाल लागेपर्यंत उघडायची नाही.

अंदाज चुकला म्हणून लाल शेरा द्यायचा नाही. हे पालकांनाही आधी कळवा, कारण काही घरांत मुलाला «बरोबर» अंदाज पढवून पाठवतात.

## टप्पा ३: न्याय्य तुलना ठरवणे (एक तासिका)

सगळ्यात जास्त प्रयोग इथे बिघडतात, म्हणून याला भरपूर वेळ द्या. प्रत्येक गट वहीचं पान तीन भागांत आखतो: काय बदलणार (फक्त एक), काय मोजणार, काय सारखं ठेवणार. तिसरा भाग सर्वांत लांब व्हायला हवा. पाणी, रुमालाचा आकार, टांगण्याची पद्धत, चिमटे किती, दोरीची उंची, शेजारच्या रुमालापासून अंतर, सुरुवातीची वेळ, काटा.

पंखेवाल्या गटाचं उदाहरण सगळ्या वर्गासमोर सोडवा. मुलं म्हणतील, दोन रुमाल वर्गात पंख्याखाली, दोन बाहेर व्हरांड्यात, तिथे पंखा नाही. ऐकायला ठीक वाटतं. पण व्हरांड्यात वारा आहे, पावसाचे तुषार आहेत आणि हवाही जास्त दमट आहे. म्हणजे पंखा एकटा बदललेला नाही, जागाही बदलली. एकाच वर्गाच्या दोन टोकांना टांगले तरी छताच्या पंख्याची हवा सगळीकडे फिरते. उपाय असा: शेजारशेजारच्या दोन खोल्या घ्या, खिडक्या सारख्याच उघड्या, एकीत पंखा चालू आणि एकीत बंद. ग्रंथालय किंवा संगणकाची खोली सकाळी रिकामी असेल तर मुख्याध्यापकांना विचारून ठेवा. पंख्याशी संबंध नसलेल्या बाकीच्या पाचही गटांचे रुमाल बंद पंख्याच्या खोलीतच टांगा, नाहीतर त्यांच्या प्रयोगातही वारा घुसतो.

नैऋत्येकडच्या खिडक्यांतून आपल्याकडे पाऊस आत येतो. खाडीकाठच्या ऐरोली, वाशी, कोपरी या भागांत वाराही अंगावर येतो. खिडकीवाल्या गटाने तावदानापासून हातभर आत टांगावं आणि पावसाचे थेंब पोचत नाहीत ना, हे आदल्या दिवशी कागद ठेवून पाहावं.

प्रत्येक परिस्थितीत दोन रुमाल हवेतच. एकेक घेतला तर आलेला फरक पंख्यामुळे की त्या कापडाच्या स्वभावामुळे, हे कधीच कळणार नाही.

साक्षीदार रुमाल. शिल्लक तुकड्यांपैकी एकात ४० मिली पाणी घालून तो झिपच्या पिशवीत हवाबंद करा आणि पिशवीसकट वजन करा. पाणी कापडात «मुरलं» किंवा «संपलं» असं अनेक मुलांना मनापासून वाटतं. पिशवीचं वजन शेवटपर्यंत तेवढंच राहतं, आतून पिशवी दमट होते. त्या मुलांना तुमच्या समजावण्यापेक्षा ही पिशवी जास्त पटते.

> तपासा: प्रत्येक गटाला विचारा, «तुमच्या दोन रुमालांत काय वेगळं आहे?» उत्तरात «आणि» आला तर योजना परत करायची.

## टप्पा ४: रंगीत तालीम (एक तासिका, आदल्या दिवशी)

तालीम टाळली तर मुख्य दिवसाचा पहिला तास काटा शिकण्यातच जातो. एका शिल्लक तुकड्यावर सगळ्यांकडून हे करून घ्या:

१. काटा सपाट टेबलावर ठेवा. हलणाऱ्या बाकावर किंवा पंख्याच्या झोतात आकडा स्थिर होत नाही.
२. ताट ठेवा, शून्य करा, मग रुमाल ठेवा. रुमालाची कड ताटाबाहेर टेबलाला टेकू देऊ नका.
३. आकडा थांबेपर्यंत मनात पाच मोजा, मग मोठ्याने वाचा. लिहिणारा तो परत म्हणतो, मगच लिहितो.
४. बरेच काटे एक-दोन मिनिटांत आपोआप बंद होतात आणि शून्य विसरतात. पुन्हा चालू केल्यावर ताटासकट नव्याने शून्य करायचंच. चाळीसऐवजी एकदम दोनशेच्या घरातला आकडा दिसला तर कारण बहुधा हेच असतं.

काटा खरा आहे ना, हे मुलांनीच तपासावं. दहा रुपयांची दहा नाणी साधारण ७७ ग्रॅम भरतात, आणि ५० मिली पाणी ५० ग्रॅम. दोन्ही काट्यांत फरक निघाला तर घाबरू नका, पण गटाने शेवटपर्यंत एकच काटा वापरायचा.

मग पाच मुलांकडून तोच रुमाल पाच वेळा तोलून घ्या. एखाद्या ग्रॅमचा फरक येतो. «एका ग्रॅमवरून भांडायचं नाही» हा नियम मुलं इथेच स्वतः करतात, पुढे तो फार उपयोगी पडतो.

कामं वाटा: पाणी घालणारा, टांगणारा, वजन वाचणारा, लिहिणारा, वेळ पाहणारा, तपासणारा. सातवं मूल असेल तर तपासणारे दोन. दर नोंदीला कामं एकेक घर सरकवा, नाहीतर सुंदर अक्षराची मुलगी सकाळभर लिहीतच बसते आणि काट्याला तिचा हातही लागत नाही.

## टप्पा ५: मोजणीचा दिवस

शाळा भरल्या भरल्या सुरू करा. तीन तास सलग हवेत, पण त्यातला बराच वेळ इतर तासिका नेहमीसारख्या चालतात. नोंद फक्त दर अर्ध्या तासाला.

१. चारही रुमालांचं कोरडं वजन. पावसाळ्यात «कोरडा» रुमालही थोडा दमटच असतो, त्यामुळे आदल्या दिवशीचं वजन वापरू नका.
२. रुमाल ताटात पसरून ४० मिली पाणी सगळीकडे शिंपडत घाला. घडी करून दाबा, उलटा, पुन्हा दाबा. ताटात राहिलेलं पाणी त्याच रुमालाने टिपा.
३. ओलं वजन. कोरडं अधिक ४० यायला हवं. त्याहून दोन ग्रॅमपेक्षा जास्त फरकाने कमी आलं तर पाणी ताटात राहिलं किंवा सिरिंज एकदा कमी भरली. जास्त आलं तर खडा सरकवायचा राहिला.
४. दोन कोपरे दोन चिमट्यांनी धरून टांगा. चिमटे वजनात घ्यायचे नाहीत.
५. गटांनी तीन-तीन मिनिटांच्या अंतराने सुरुवात करायची, प्रत्येक गटाची स्वतःची वेळ फळ्यावर लिहायची. पुढच्या नोंदी त्याच वेळेपासून अर्ध्या तासाने.

नोंदी पेनाने करा. खोडरबर पेटीत. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून बाजूला नवा आकडा, म्हणजे जुनाही वाचता येतो. मुलांना शेजारच्या गटासारखा आकडा करण्याचा मोह होतो आणि खोडरबर असला की तो सहज पुरा होतो.

मधल्या सुट्टीत रुमालांना कुणी हात लावू नये म्हणून प्रत्येक खोलीत दोन राखणदार ठेवा. सफाईच्या मावशींनाही सांगून ठेवा, नाहीतर दोरीवरचं फडकं म्हणून रुमाल उचलला जातो.

> लाइट गेली तर: प्रयोग मोडू नका. किती वाजता गेली आणि किती वाजता आली ते लिहा. त्या अर्ध्या तासात पाणी कमी उडालेलं आकड्यात दिसतं आणि तो पंख्याचा आणखी एक पुरावाच असतो.

दुसऱ्या तासाला मुलांना ओला आणि कोरडा रुमाल गालाला लावून पाहू द्या. ओला गार लागतो. का, ते आज सांगू नका. फक्त वहीत लिहून घ्या.

## टप्पा ६: आकड्यांचं वाचन (दीड तासिका)

आधी वजाबाकी. समजा कोरडा ३४, ओला ७४ आणि तासाने ५९. मग उडालेलं पाणी ७४ वजा ५९, म्हणजे १५ ग्रॅम. एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम, हे तालमीत कळलेलं असतं, म्हणून मुलं «पंधरा मिली उडालं» असंही म्हणतील. बरोबरच आहे.

चौकटीच्या वहीत स्तंभालेख काढा. एक चौकोन म्हणजे २ ग्रॅम धरला की ४० मिलीचा स्तंभ वीस चौकोनांत बसतो. चार रुमालांचे चार स्तंभ, एकाच पायावर, शेजारी शेजारी.

आता महत्त्वाची गोष्ट. मुलांना सरासरी येत नसते, शिकवायची घाईही नको. त्याऐवजी जुळ्यांची कसोटी वापरा. एकाच परिस्थितीतले दोन रुमाल म्हणजे जुळे. आधी जुळ्यांमधला फरक पाहा, मग दोन परिस्थितींमधला.

समजा पंख्याखालच्या जुळ्यांतून २४ आणि २२ ग्रॅम उडाले, पंख्याविना ९ आणि १०. जुळ्यांत फरक एक-दोन ग्रॅमचा, परिस्थितींत किमान बाराचा. इथे पंख्याने फरक पडला, हे ठामपणे म्हणता येतं. दुसऱ्या गटात खिडकीजवळ ११ आणि १५, कोपऱ्यात १२ आणि १३ आले. जुळ्यांतलाच फरक चारचा. या गटाचं प्रामाणिक उत्तर आहे: «आमच्या मोजणीवरून सांगता येत नाही.»

हे उत्तर देणाऱ्या गटाचं वर्गासमोर कौतुक करा आणि मनापासून करा. मुलं पहिल्यांदा हिरमुसतात, कारण शाळेत «सांगता येत नाही» याला शून्य मिळतं असा त्यांचा अनुभव असतो.

> नेहमीची चूक: आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला की «काहीतरी चुकलं असेल» म्हणून तो वगळायला सांगणं. वगळायचा असेल तर कारण नोंदीत दिसायला हवं: रुमाल खाली पडला, काटा बंद झाला. आवडला नाही म्हणून आकडा काढता येत नाही.

## टप्पा ७: निष्कर्ष आणि मग स्पष्टीकरण

या दोन गोष्टींचा क्रम उलटू नका. तुम्ही आधी बाष्पीभवन समजावलंत तर सगळ्या वह्यांत तुमचंच वाक्य उतरेल.

निष्कर्षासाठी चार अर्धी वाक्यं द्या: आम्ही ... बदललं. आम्ही ... मोजलं. आम्हाला ... दिसलं. आम्हाला अजून ... कळलं नाही. चौथं वाक्य रिकामं ठेवू देऊ नका. आता अंदाजाची वही उघडायची आणि अंदाजाशेजारी लिहायचं, काय बदललं.

त्यानंतर तुमचं बोलणं, दहा मिनिटं. पाण्याचे अतिशय बारीक कण कापडातून सुटून हवेत जातात. त्यासाठी पाणी उकळावं लागत नाही. सुटताना ते उष्णता घेऊन जातात, म्हणून ओला रुमाल गार लागतो. कापडालगतच्या हवेत वाफ साठली की बरेच कण परत कापडावर येतात. पंखा ती हवा हलवतो, उलगडलेला रुमाल जास्त हवेला भिडतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या हवेत आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वरच असते, म्हणजे बाहेरच्या हवेतही वाफ आधीच भरपूर असते. जपून ठेवलेला तो «का» असा प्रश्न आता काढा. उत्तर मुलांनाच द्यायला सांगा.

## टप्पा ८: मांडणी

प्रत्येक गटाला तीन मिनिटं, श्रोते दुसऱ्या तुकडीची मुलं. तक्ता मुलांच्या अक्षरात, रेघ मारलेल्या चुकांसकट. पालकांना एक ओळ लिहून पाठवा: «कृपया तक्ता घरी नव्याने करून देऊ नये.» श्रोत्यांनी प्रत्येक गटाला एक प्रश्न विचारायचाच, आणि तो «हे तुम्हाला कसं कळलं?» या धर्तीचा हवा.

## इतर कोणते विषय घेता येतील

उन्हाळ्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाखालच्या आणि पेव्हर ब्लॉकवरच्या हवेचं तापमान (डिजिटल थर्मामीटरने, पाऱ्याचा नको). हिवाळ्यात मुंग्या गुळाकडे जास्त येतात की तेलाकडे. पावसाळ्यात बाटलीचं पर्जन्यमापक, पण त्यासाठी सरळ भिंतीची बाटली हवी, खाली फुगीर असलेल्या बाटलीत मिलिमीटर चुकतात.

उपवन किंवा मासुंदा तलावाचं पाणी तपासण्याची कल्पना अनेकांना सुचते. या वयात काठावर चाळीस मुलं सांभाळणं अवघड, शिवाय एकच बाटली भरून आणली तर तुलना कशाशी करणार? ठाणे खाडीतले फ्लेमिंगो पाहायला जरूर न्या, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही. पण ती सहल आणि निरीक्षण आहे, हजारोंच्या थव्यातले पक्षी मोजणं तिसरीच्या मुलांचं काम नाही.

## रुमाल फेकू नका

धुऊन, पूर्ण वाळवून क्रमांकांसह पिशवीत ठेवा, वह्याही. दिवाळीच्या सुट्टीनंतर हवा कोरडी झाली की तोच प्रयोग, त्याच खोलीत, त्याच गटांनी पुन्हा करायचा. कोरडं वजन नव्याने घ्या, कारण धुण्याने आणि ऋतूने ते बदललेलं असतं. पावसाळ्यातले स्तंभ निळ्या रंगात असतील तर नव्यांना लाल रंग द्या आणि त्याच आलेखात शेजारी काढा. तेव्हाही आधी नवा अंदाज लिहून घ्यायला विसरू नका.